कॅमेरा कुणाच्या हातून पडला

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. दिंद्रुड

काल चकलांब्याच्या लग्नात माझी सत्तर-दोनशेची लेन्स पडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

अक्षता पडल्या, नवरा-नवरी हार घालायला वळले. मोठी लेन्स काढून मी पंचशीलाच्या हातात दिली आणि तिच्याकडची छोटी घेणार, एवढ्यात मोठी आमच्या दोघांच्या मधून सरळ खाली. वर चटई होती, पण चटईखाली फरशी. असा आवाज आला की बँडवाल्यानंसुद्धा वळून बघितलं.

मी म्हणलो, "धरली कावून न्हाईस?"

ती म्हणली, "आप्पा, माझ्या हाताला लागायच्या आधीच तुमी सोडली."

लोकांच्या लग्नात आपला तमाशा नको. बाकीचं लग्न एका लेन्सवर काढलं.

पंचशीला माझ्या स्टुडिओत नऊ वर्षं आहे. आधी नुसते अल्बम लावायची, मग एडिटिंग शिकली, आता लग्नात दुसरा कॅमेरा तीच धरते. बायकांच्या घोळक्यात शिरून फोटो काढावेत तर तिनंच. पण वर्षभरात तिची एक नवीन सवय बघतोय. मी कॅमेरा डोळ्याला लावला की ती आपलं काम सोडून माझ्या उजव्या बाजूला येऊन थांबते, हात अर्धा पुढं करून. दोनदा सांगितलं, लांब हो, मला अडचण होते. ऐकत नाही. आणि जिथं हात पुढं पाहिजे होता तिथं नेमका नव्हता.

ही वही माझ्या लेकीच्या, स्वप्नालीच्या, कॉलेजची कोरी राहिलेली आहे. आजपासून यात लिहून ठेवणार. काय पडलं, कुठं पडलं, कुणाच्या हातून पडलं. कारण सापडल्याशिवाय इलाज होत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

स्टुडिओत कागद लावला. माझे नियम:

वस्तू देताना "घे" म्हणायचं. घेणाऱ्यानं "घेतली" म्हणल्याशिवाय सोडायची नाही. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. टेबलाच्या कडेला काही ठेवायचं नाही. बॅटरीची वायर जमिनीवर टाकली तर वर चिकटपट्टी.

पंचशीलानं उभं राहून सगळं वाचलं. म्हणली, "बराबर हाय आप्पा." मग म्हणली, "आप्पा, तुमी मनगटाला बांधायचा छोटा पट्टा बी घ्या की. गळ्यातला हायच, पन हाताला एक असावा."

म्हणजे माझ्या हाताला. पाडलं कुणी आणि पट्टा कुणाला.

माझ्या बायकोनं, रोहिणीनं, जुनी गोधडी उसवून लेन्सला एकेक पिशवी शिवून दिली. मधे कापूस, तोंडाला नाडी. चार पिशव्या टेबलावर ओळीनं ठेवल्या तर बाळंतविड्यासारख्या दिसतात. ती हसली, मीपण हसलो.

२ डिसेंबर, सोमवार

तीन लग्नं झाली, काही पडलं नाही. नियमांचा उपयोग होतोय.

थंडी लई पडलीय. सकाळी शटरच्या कुलपात किल्ली फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा फिरली. कुलूप जुनं झालंय, तेल घालायला पाहिजे. दुपारी रोहिणी डबा घेऊन आली तेव्हा तिनं बंद करून बघितलं. तिच्या हातानं पटकन फिरली. तोवर ऊन झालं होतं, लोखंड ढिलं पडतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

लिंबागणेशचं लग्न. लिहायला हात तयार होत नाही, पण ठरवलंय म्हणून लिहितो.

स्टेजसमोर स्टँडवर व्हिडिओचा कॅमेरा लावला होता. मंगळसूत्र बांधायच्या वेळी तो स्टँडवरून तिरका झाला आणि सुटून पायऱ्यांवर आपटला. स्टँड जागेवर उभा, कॅमेरा खाली. म्हणजे खालच्या प्लेटचा स्क्रू आवळलेला नव्हता. लेन्स जिथं बसते ती कडीच तुटली.

ते काम पंचशीलाचं. नऊ वर्षं तीच आवळते. तिला विचारलं तर म्हणली, "सकाळी तुमीच म्हणलात की मी आवळतो, तू नवरीकडं जा."

म्हणलो असेन. आवळलापण होता. अंगठा दुखेपर्यंत आवळला होता, मला चांगलं आठवतं. नंतर कुणीतरी हात लावला असणार, आणि माझ्या सामानाला तिच्याशिवाय कोण हात लावतं?

मग माझा ताबा सुटला. नवरीचे चुलते मोहनराव समोर उभे, पाच-पन्नास माणसं बघतायत. मी म्हणलो, "तुझ्या हाताला कोयताच बरा होता. उगंच कॅमेरा दिला."

तिची आई पारूबाई ऊसतोडीला जायची. ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

पंचशीलानं दुसरा कॅमेरा उचलला आणि नवरीची पाठवणी होईपर्यंत काम केलं. एकपण क्षण सोडला नाही. येताना गाडीत ती पुढं ड्रायव्हरजवळ बसली.

बोलायला नको होतं, हे खरं. पण एवढं नुकसान डोळ्यासमोर होताना माणूस काय जपून बोलतो का?

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी तिनं स्टुडिओची किल्ली आणून टेबलावर ठेवली. मधोमध ठेवली, कडेला नाही. माझ्याच नियमाप्रमाणं.

"आप्पा, जायच्या आधी एक सांगू का? तुमच्या..."

मी म्हणलो, "काय सांगू नको. मला काम हाय."

ती गेली. काम काही नव्हतं.

२९ डिसेंबर, रविवार

एकट्यानं लग्नं करतोय. दमायला होतं, पण एक बरं आहे, आता कुणाच्या हातात काही द्यायचं नाही आणि कुणाकडून घ्यायचं नाही.

बसस्टँडसमोर तानाजी चपला शिवतो, त्याच्याकडून चामड्याचा पट्टा करून घेतला. दोन्ही खांद्यांवरून येऊन छातीवर जुळतो, तिथं लोखंडी कडी. कॅमेरा कडीत अडकवला की हात सुटला तरी छातीवरच लोंबकळणार. माप घेताना तानाजी म्हणला, "आप्पा, बैलाचं जू झालं की हे." पण काम चोख केलं. गळ्यात लिंगाचा दोरा, त्यावर हा पट्टा. शर्टाला सुरकुत्या पडतात, पडू द्या.

शर्टाची बटणं हल्ली रोहिणी लावते. थंडीनं बोटं आखडतात. परवा चहाचा ग्लास सुटला, फुटला. ते कॅमेऱ्याच्या सामानात येत नाही म्हणून इथं धरत नाही.

१९ जानेवारी २०२५, रविवार

पट्ट्यामुळं तीन आठवडे कॅमेरा पडलेला नाही. लेन्सचं झाकण दोनदा आणि फ्लॅश एकदा पडला. मग फ्लॅशला दोरी बांधली, झाकणालापण बांधली, बॅटऱ्यांची डबी कमरेला बांधली. लग्नातली पोरं मला बघून हसत होती. हसोत.

स्वप्नाली माजलगावहून आली होती, कॉलेजला सुट्टी होती. ही वही तिच्या हाताला लागली. वाचली नाही, नुसती उघडली आणि म्हणली, "पप्पा, हे कुणाचं अक्षर? तुमचं तर छापल्यासारखं असतंय."

मी म्हणलो पेन खराब आहे.

तिला गंमत दाखवली. अंगठ्याजवळच्या कातडीखाली आपोआप फडफडतं, आत पाखरू असल्यासारखं. मी काही करत नाही आणि ते आपलं उडतंय. गिऱ्हाइकांनापण दाखवतो, लहान मुलं फोटोला बसताना रडत असली की हेच दाखवून गप्प करतो. स्वप्नाली हसली नाही. माझा हात उलटा केला, दुसऱ्या हाताशेजारी ठेवला.

"पप्पा, हितं खड्डा पडलाय. ह्या हाताला न्हाई."

तिनं मोबाइलवर दोन्ही हातांचा फोटो काढला. मी म्हणलो, उजेड बरोबर नाही, खिडकीकडून घे. तेवढं तरी बापाकडून शिकावं.

१० फेब्रुवारी, सोमवार

स्वप्नालीनं रोज फोन करून भंडावलं म्हणून माजलगावला डॉक्टरकडं गेलतो. त्यानं हात दाबून बघितला, अशक्तपणा म्हणला, इंजेक्शनं लिहून दिली. तीन घेतली. लगेच फरक वाटतोय. पकड सुधारलीय, काल जिलेबीचा पुडा स्वतः सोडला.

९ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहायलाच पाहिजे.

आमच्याच पेठेत बारसं होतं. पोराच्या आईबापाचं लग्नपण मीच काढलेलं. पाळणा फुलांनी सजवलेला, बाळ झोपलेलं. मी स्टुलावर चढून वरून फोटो घेणार होतो. छातीवरची लोखंडी कडी बाळाच्या तोंडावर लोंबत होती, म्हणून आजी म्हणली, "आप्पा, तेवढं काढा बाबा, लागंल लेकराला." मी पट्टा काढला. गळ्यातला पट्टापण काढला, तोही खाली येत होता. म्हणलं दोन मिनिटांचं काम आहे, हातात धरू.

बोट बटणावर होतं. दाबलं, दाबलं गेलं नाही. पुन्हा दाबलं. बोट माझं आणि ऐकत नव्हतं. बाळानं तेवढ्यात तोंड वाकडं करून हसल्यासारखं केलं, बायका "घ्या आप्पा, घ्या" म्हणायला लागल्या. मी जोर केला आणि सगळा हातच मोकळा झाला.

कॅमेरा पाळण्यात पडला. बाळाच्या कानाजवळ, उशीवर. मधे दोन बोटांचं अंतर होतं.

आजीनं बाळ उचललं. ते रडायला लागलं तेव्हा मला कळलं की ते जिवंत आहे. सगळ्या बायका एकदम बोलत होत्या आणि मला काही ऐकू येत नव्हतं. कुणी शिवी दिली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. बाळाचा बाप जवळ आला, माझी पिशवी त्यानंच भरली, कॅमेरा फडक्यानं पुसून आत ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणला, "आप्पा, तुमी घरी जा."

कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नाही. मी बघितलापण नव्हता, रोहिणीनं बघून सांगितलं.

१७ मार्च, सोमवार

आठ दिवस स्टुडिओ बंद. लोक रस्त्यावरून जाताना आत बघतात की मला तसं वाटतं, काय माहीत.

आज ही वही पहिल्यापासून वाचली. लेन्स, प्लेट, झाकण, फ्लॅश, पाळणा. कुलूप, बटणं, ग्लास हे मी धरत नव्हतो, तेपण आज धरलं. चकलांबा, लिंबागणेश, आमची पेठ, घर. जागा वेगळ्या, माणसं वेगळी, पट्टे वेगळे. सगळीकडं एकच गोष्ट होती, माझा उजवा हात.

तिनं प्लेट सैल ठेवली नव्हती. मीच आवळली होती, आणि दुखेपर्यंत आवळूनपण ती आवळली गेली नव्हती. भर मांडवात मी तिला काय बोललो ते वर माझ्याच अक्षरात आहे.

वही रोहिणीला वाचायला दिली. तिनं चुलीवरचं दूध उतरवून सगळी वाचली आणि म्हणली, "मोठ्या डॉक्टरकडं जायचं. आता एक सुदीक ऐकणार न्हाई."

परवा उंबऱ्याला पाय अडकून पडलो. ते चपलेमुळं. नवीन आहे.

८ एप्रिल, मंगळवार

संभाजीनगरला जाऊन आलो. मोठं हॉस्पिटल, नसांचे डॉक्टर. हातात, पायात, मानेतसुद्धा सुया घालून मशीन लावलं. मशीनमधून आवाज येतो, तव्यावर पाण्याचे थेंब टाकल्यासारखा. डॉक्टर तरुण आहे, शांत बोलतो. त्यानं विचारलं, पाणी पिताना ठसका लागतो का? मी नाही म्हणलो. रोहिणी म्हणली, "लागतो. संक्रांतीपासून." मला आश्चर्य वाटलं. तिनं हे कधी मोजलं?

मग त्यानं जीभ बाहेर काढायला लावली आणि बराच वेळ जिभेकडं बघत बसला. हाताच्या दुखण्याला जिभेचं काय?

मला वजन करायला दुसऱ्या खोलीत पाठवलं. वजन करून आलो तर दार लावलेलं. रोहिणी आत. पुष्कळ वेळानं बाहेर आली आणि म्हणली, "मानंत नस दबलीय. टाइम लागंल, पन व्हईल बरं."

ऑपरेशन करायचं का? म्हणली, न्हाई, गोळ्या.

बसमधे ती खिडकीकडं तोंड करून होती. डोळे लाल दिसले म्हणून विचारलं, तर धूळ गेली म्हणली. उन्हाळ्याची धूळ असतेच. फाईल तिनं मांडीवर धरली होती आणि गेवराईपर्यंत एकदापण खाली ठेवली नाही.

९ एप्रिल, बुधवार

दुकान उघडलं नाही. विशेष काही नाही.

४ मे, रविवार

सकाळी पंचशीलाच्या घरी गेलतो. पाच महिने त्या रस्त्यानं जायचं टाळत होतो. ती आता माजलगावला एका दुकानात एडिटिंगला जाते, रविवारी घरी असते हे रोहिणीकडून कळलं होतं.

दारात तिचा नवरा समाधान मोटारसायकल धूत होता. मला बघून त्यानं पाणी बंद केलं.

"कावून आलाव आप्पा?"

म्हणलो, "माफी मागायला."

त्यानं आत आवाज दिला आणि पुन्हा धुवायला लागला. खुर्ची देऊ नये असं त्याच्या मनात होतं, दिसत होतं. पारूबाईनं दिली. ती लेकीकडंच असते आता. पाणी दिलं. तांब्या उचलताना मी दोन्ही हात लावले तरी पाणी शर्टावर सांडलं, आणि पंचशीला बाहेर आली ती तेच बघत आली.

मी वाटेत शब्द जुळवून गेलो होतो. त्यातलं काही तोंडातून नीट निघालं नाही, हल्ली जीभ जड पडते. एवढंच म्हणलो, "चूक माझ्या हाताची होती. बोललो तुला. तुझ्या आईला बी बोललो."

पंचशीला म्हणली, "मला ठावं होतं आप्पा. लई आधीपासून. तुमच्या हातात कॅमेरा हलायला लागलता. म्हनून मी तुमच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहायची, हात खाली धरून. चार-पाच येळा झेललाय मी. तुमाला कळलं बी न्हाई. प्लेट तुमी आवळली की मागनं मी पुन्हा आवळायची. त्या दिवशी तुमी मला नवरीकडं पाठवलं."

मी विचारलं, "मग सांगितलं कावून न्हाईस?"

"कसं सांगायचं? तुमची सगळी ऐट त्या हातात होती. किल्ली द्यायला आले तवा सांगनार होते. तुमी म्हणलात, काम हाय."

पारूबाई आत जाता जाता थांबली. तिनं राग धरला नव्हता, तेच मला सोसत नव्हतं. म्हणली, "कोयत्याला बी घट्ट हात लागतो बाबा. तीस वर्सं धरला. त्यो सुटला तर पाय जातो मानसाचा."

मी पंचशीलाला म्हणलो, परत ये. स्टुडिओ तूच बघ, मी नुसता बसतो.

ती लगेच म्हणली, म्हणजे तिनं आधीच ठरवलेलं होतं, "न्हाई आप्पा. माफ केलं म्हना, पन तिथं न्हाई येनार. त्या दिवशी पन्नास मानसं होती. तुमी आज एकटे आलाव."

खरं आहे.

दारापर्यंत ती सोबत आली. पायरी उतरताना तिचा हात माझ्या कोपराखाली होता. मी बघितलं नसतं तर मला कळलंच नसतं.

११ जून, बुधवार

आज डाव्या हातानं लिहितोय. रोज दोन ओळी गिरवतो, बालवाडीतल्या पोरासारखा.

स्टुडिओ मोकळा केला. जागा मोबाइल रिचार्जवाल्यानं घेतली. पाटी उतरवताना राधाकिशन सुतारानं विचारलं, "आप्पा, पाटी ठेवायची का जाळायची?" त्यावर आईचं नाव आहे, शांता फोटो स्टुडिओ. घरी आणली. कुठं ठेवायची कळेना म्हणून गच्चीच्या जिन्यात उभी आहे.

कॅमेरे पंचशीलानं घेतले. फुकट देत होतो, ती म्हणली फुकट नको, रीतसर घेते. समाधान टेम्पो घेऊन आला. तिनं एकेक लेन्स उजेडात धरून बघितली. माझ्याकडून एकही वस्तू हातात घेतली नाही, सगळं स्वतः टेबलावरून उचललं. बरोबर केलं.

मोहनरावांना लिंबागणेशला फोन केला. म्हणलो, त्या दिवशी तुमच्यासमोर मी त्या बाईला बोललो, चूक तिची नव्हती, माझी होती, हे तुमच्या लोकांना सांगा. ते म्हणले, "कोन बाई? कवाचं काय काढलंव आप्पा?" त्यांना काहीच आठवत नाही. पन्नासातल्या कुणालाच आठवत नसेल. एक तीच विसरणार नाही.

टेम्पो गेल्यावर मी मोकळ्या दुकानात बसून होतो. रोहिणी न्यायला आली. खुर्चीतून उठताना मला दोनदा प्रयत्न करावा लागला, ती गुपचूप माझ्या मागं उभी राहिली.

२ ऑगस्ट, शनिवार

आजपासून बोलणं माझं आन लिव्हणार रोहिणी. डाव्या हाताला बी पेन धरवत न्हाई. मी बोलतो तसंच लिही म्हणलोय, शुद्ध करू नको. बोलणं बी अडखळतंय, म्हणून ती दोनदा-दोनदा इचारती आन मग लिव्हती. दुपारची येळ हाय. स्वप्नाली कॉलेजला गेलीय. सकाळी जायला तयार नव्हती, हितंच राहते म्हणली, मी रागावून पाठवलं. रागावलेलं तिला नीट कळलं न्हाई, मग हातवारे केले, ते बी जमले न्हाईत. शेवटी रडू आलं मला, तवा गेली.

जेवण रोहिणीनं भरवलं. वरणभात पातळ करून. सव्वा तास लागला.

ह्या वहीत मी सगळं खरं लिव्हायचं ठरवलं होतं. एक लिव्हलं न्हाई. ते आज लिव्हायचंय म्हणून तिला बसवलं.

९ एप्रिलला विशेष काही न्हाई असं लिव्हलंय. त्या दिवशी रोहिणी देवळात गेलती. मी कपाटातली फाईल काढली. इंग्रजीत होतं. त्यातलं आजाराचं नाव एकेक अक्षर बघून मोबाइलमधे टाकलं. मराठीत बी मिळतंय सगळं. हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. औषध न्हाई. दोन वर्षं, तीन वर्षं. मी फाईल होती तशी ठेवली, नाडी बांधायला अर्धा तास लागला.

मानंत नस दबलीय हे तू सांगितलंस, आन मी बराबर म्हणलो. रोज गोळ्या घेतो, आज जरा बरं वाटतंय म्हणतो. तुला बरं वाटावं म्हणून.

हे सांगितलं आन ती लिव्हायची थांबली. मी म्हणलो, लिही. तिनं शेवटचं वाक्य लिव्हलं, पेन वहीवर आडवं ठेवलं. म्हणली,

"मग चार महिने मी मोरीत तोंडात पदर घालून एकटीच कावून रडत होते?"

मला बोलता आलं न्हाई. जिभेमुळं न्हाई. तिनं इचारलं, हे बी लिव्हायचं का? मी मानेनंच हो म्हणलो.